बसीमाला सासू आणायची होती

सासू परत कधी जाणार, असं नवऱ्याला हळूच विचारणाऱ्या सुना मी आयुष्यभर पाहिल्या. खोटं कशाला बोलू, त्यात मीही आले. पण सासूला आणायचंय म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारी सून मात्र एकच पाहिली. तिचं नाव बसीमा. बगदादची. स्टुटगार्टात हेस्लाखच्या चढावर आमचं जुनं चार मजली घर आहे, लाकडी जिन्याचं. २००९च्या उन्हाळ्यात ती आणि तिची नऊ वर्षांची रीटा आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या.

आल्या दिवशीच मी कांदेपोहे घेऊन खाली गेले. घरात सामान म्हणजे चर्चने दिलेलं एक टेबल, दोन खुर्च्या आणि जमिनीवर एक गादी. खोल्या दोन. एक अंधारी, मागच्या अंगणाकडची, त्यात मायलेकींची गादी. दुसरी मोठी, उन्हाची, रस्त्याकडची, आणि ती अख्खी रिकामी.

"इथे काय ठेवणार?" मी विचारलं.

"ही सासूची खोली," बसीमा म्हणाली. "ती यायचीय. दमास्कसहून."

चांगली खोली सासूला! मी पोह्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि मुकाट्याने खुर्चीवर बसले. मला गप्प झालेलं पाहायला आमच्या घरातले लोक पैसे देतील.

आम्ही बोलायचो जर्मनमधून. तिचं जर्मन काही महिन्यांचं, माझं पंचवीस वर्षांचं, पण चुका दोघींच्या सारख्याच. मी मूळची ठाण्याची, विभावरी. लग्न करून इथे आले आणि इथलीच झाले. माझी मुलगी कुहू मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देते, आणि ते बरोबर असलं तर मी ऐकून घेते. तेव्हा बसीमाच्या तोडक्यामोडक्या वाक्यांतून तिची हकीकत समजून घ्यायला मला जड गेलं नाही. शिवाय मला चौकशा करायला आवडतात. नाही आवडत म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तिचा नवरा रियाद फ्रिज दुरुस्त करायचा. बगदादमध्ये उन्हाळ्यात फ्रिजवाल्याला देवाखालोखाल मान, असं ती सांगायची. २००६मध्ये तिथे माणसं घरातून निघायची आणि परतायची नाहीत. तसाच एके दिवशी रियाद निघाला आणि परतला नाही. "सापडला नाही," एवढंच बसीमा म्हणाली. रीटा शेजारी बसून पोहे खात होती, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. मग पुढच्या वर्षी दारावर चिठ्ठी आली, ख्रिश्चन आहात, घर सोडा. म्हातारी सासू आणि लहान पोर घेऊन बसीमा रातोरात बसमध्ये बसली. वाळवंट ओलांडून सिरियात.

मला वाटलं होतं, निर्वासित म्हणजे तंबू, काटेरी तार, रांगा. "छे!" बसीमा हसली. "तंबू कसला? जरमानामध्ये घर होतं." जरमाना म्हणजे दमास्कसच्या कडेची वस्ती. युद्ध शेजारच्या देशात, इथे नाही, म्हणून अर्धं बगदाद तिथे येऊन राहिलेलं. एका गल्लीत या तिघी बोचकी घेऊन उभ्या होत्या, तेव्हा सामिया नावाची एक बाई जिना धूत होती. तिने विचारलं, कुठून आलात? बगदादहून म्हटल्यावर तिने गच्चीवरची खोली उघडून दिली आणि म्हणाली, युद्ध संपलं की जा. युद्ध काही संपलं नाही. दोन वर्षं या तिथेच राहिल्या. बसीमा शिवणकाम करायची, सासू सामियाबरोबर भाजी निवडायची, भांडायची, दुपारी दोघी एकाच सतरंजीवर आडव्या व्हायच्या. सासूला सगळे उम्म रियाद म्हणायचे, म्हणजे रियादची आई. त्यांच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात.

मग जर्मनीने सिरियातून काही इराकी कुटुंबं आणायचं ठरवलं. यांची नावं लागली. तिघींची. आणि निघायच्या आठवड्यात म्हातारीला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, विमानात बसवता येणार नाही. उम्म रियाद म्हणाली, तू पोरीला घेऊन हो पुढे, मी मागून येते.

"मी तिला टाकून आले," बसीमा म्हणायची. दर वेळी हेच शब्द.

"टाकून कसली? आजारी होत्या त्या!" मी म्हणायचे. तिला ते पटायचं नाही. नवरा गेल्यावर त्या बाईने हिला माहेरी हाकललं नव्हतं, हिच्या पोरीला स्वतःच्या ताटातला घास दिला होता, आणि ही तिला परक्याच्या गच्चीवर सोडून आली होती. तिच्या जिवाला दुसरा घोर नव्हता.

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. जानेवारीत तिकडून आणखी एक विमान येणार होतं. चर्चच्या मदत-कार्यालयातली बाई म्हणाली होती, सासूचं नाव त्यात घालता येईल, पण राहायला पुरेशी जागा आहे असा पक्का भाडेकरार दाखवा, नोव्हेंबरच्या आत. आणि आमचे घरमालक प्फ्लायडरर, माणूस वाईट नाही, पण सावध. ऑक्टोबर अखेरपर्यंत राहा, इतर भाडेकरूंची तक्रार आली नाही तर करार करू, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

इतर भाडेकरू म्हणजे आम्ही, वरचे दोन विद्यार्थी आणि तळमजल्यावरच्या मायशबाई, इथल्या भाषेत फ्राउ मायश. म्हणजे खरं तर फक्त फ्राउ मायशच. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, पण नजर अशी की तिसऱ्या मजल्यावर पडलेला केस तळमजल्यावरून दिसावा. आमच्या घरात केअरवोखं नावाचा एक कुळधर्म आहे. या भागात तो सगळीकडेच आहे. आठवडाभर जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा फूटपाथ साफ ठेवायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. शनिवारी साफसफाई, आणि रविवारी सकाळी फ्राउ मायश कठड्यावरून बोट फिरवत वर चढतात. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला एक पायरी पुन्हा पुसायला लावली होती. आमचे हे म्हणाले होते, "अगं, पुस की, काय जातं?" ह्यांचं काय जातं! पुसली मीच.

सप्टेंबरात पाटी बसीमाच्या दारावर आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. "नीट कर हं. पहिलीच वेळ आहे. त्या बाईंनी तोंड वाकडं केलं तर मालक करार करायचे नाहीत."

"काळजी करू नका," ती म्हणाली. "जिना धुता येतो मला."

शनिवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. कारखान्यात काम कमी म्हणून जयंत, म्हणजे आमचे हे, त्या दिवसांत अर्धा आठवडा घरीच असायचे आणि सारखे माझ्या पायात यायचे. तेवढ्यात कुहू बाहेरून ओरडली, "ममा, एस रेग्नेट इम ट्रेपनहाउस!"

जिन्यात पाऊस पडतोय? मी दार उघडलं आणि हात कपाळावर मारला.

बसीमा आमच्या मजल्यावर उभी. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, हातात झाडू. शेजारी साबणाच्या फेसाची बादली, मागे रीटा दुसरी बादली घेऊन. आणि ती खुशाल पाणी ओतत होती. घळाघळा! ओतायचं, झाडूने खसाखसा घासायचं, खालच्या पायरीवर लोटायचं, पुन्हा ओतायचं. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत खाली चाललेलं. ती आल्यापासून इतकी आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गाल लाल झालेले आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

मला कळलं, काय झालं ते. अहो, कळणार नाही? आमच्या ठाण्याच्या चाळीत आई दिवाळीआधी गॅलरी अशीच धुवायची, बादल्या ओतून आणि खराट्याने. घाण वाहून गेली पाहिजे, नुसती पुसून काय होतं, असं तिचं मत. आमच्याकडे फरशी असते आणि पाणी जायला मोरी असते. सामियाचाही जिना दगडी होता आणि पाणी गल्लीत जायचं. इथला जिना लाकडाचा, आणि पाणी जायला वाट एकच, फ्राउ मायशच्या दाराखालची फट.

"थांब! थांब!" मी ओरडले. पण उशीर झाला होता. खालून फ्राउ मायशचा आवाज आला. त्या काय बोलल्या ते मला पूर्ण कळलं नाही, कारण रागात त्या इथली अस्सल श्वेबिश बोली बोलतात. गालिचा भिजला होता. पाणी तळघरात उतरून त्यांच्या बटाट्यांच्या पेटीपर्यंत गेलं होतं.

दुपारी प्फ्लायडररांचा फोन. सोमवारी येतो, तोवर लाकूड फुगलं नाही तर नशीब. आणि कराराचं, मला वाटतं, आपण विसरू या.

बसीमा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. ती नुसती पायरीवर बसली आणि म्हणाली, "माझी सासू." मला इतका राग आला! तिचा नाही, त्या लाकडाचा, त्या पाटीचा, जगात माणसं जिवानिशी पळतात आणि इथे बटाटे भिजले म्हणून रडगाणं, त्याचा राग. मी तशीच तरातरा खाली गेले आणि फ्राउ मायशच्या दाराची घंटा वाजवली. बगदाद, चिठ्ठी, नवरा, न्यूमोनिया, सगळं एका दमात सांगितलं. हात जोडायचे तेवढे राहिले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाईट झालं. फार वाईट. पण माझा गालिचा ओला आहे."

आणि दार लावलं. कर्म माझं!

मी वर येऊन पाहते तो बसीमा कामाला लागलेली. जुने टॉवेल, तिचा एक स्वेटरसुद्धा, मिळेल त्याने ती एकेक पायरी टिपत होती. मग तळघर. मग बटाटे एकेक पुसून वर्तमानपत्रावर मांडले. मग फ्राउ मायशच्या दारासमोर जाऊन उभी राहिली आणि गालिचा मागितला. म्हातारीने कसाबसा दिला. आमच्या ह्यांनी तो अंगणातल्या कठड्यावर टाकायला मदत केली, तिथे तिने तो खरोखर दोन दिवस ब्रश मारमारून स्वच्छ केला आणि वाळवला. रविवारी मी म्हटलं, अगं, पुरे आता. तिने ऐकलं नाही. आदल्या दिवशी आणलेलं लाकडाला लावायचं मेण काढलं आणि पायऱ्या चोळत बसली.

सोमवारी प्फ्लायडरर आले. आम्ही सगळे जिन्यात उभे. त्यांनी वाकून लाकूड पाहिलं, एका पायरीवर पाय आपटून पाहिला. मग फ्राउ मायशकडे वळले. "बोला, तुमचं काय म्हणणं?"

फ्राउ मायश कठडा धरून चढू लागल्या. बोट फिरवत, कठड्यावरून, मग कठड्याच्या खांबांच्या मधून, जिथे कोणी कधी पुसत नाही. मीही नाही पुसत, आता काय लपवायचं. पहिल्या मजल्यावर थांबून त्यांनी बोट डोळ्याजवळ नेलं. मग म्हणाल्या, "इथली घाण माझा नवरा होता तेव्हापासूनची होती. गेली." आणि थोड्या वेळाने, "पाणी कमी घेतलं पाहिजे. ते शिकवता येतं. आळशी माणसाला काही शिकवता येत नाही."

प्फ्लायडरर माझ्याकडे बघायला लागले. 'शिव्या घातल्या नाहीत म्हणजे स्तुती झाली' अशी इथली म्हण आहे. त्या मानाने ही तर आरतीच झाली होती. माझा जीव भांड्यात पडला.

पुढचा शनिवार मला विसरता येणार नाही. फ्राउ मायश पायरीवर उशी टाकून बसल्या होत्या आणि बसीमाला फडकं पिळायला शिकवत होत्या. "अजून. अजून पीळ. गेनाऊ, अस्संच!" बसीमा पिळत होती, आणि मला डोळ्यांनी सांगत होती की एवढ्याशा ओलाव्याने कधी काही स्वच्छ होत नसतं.

ऑक्टोबरच्या शेवटी करारावर सही झाली. कागद कार्यालयात पोहोचला. उम्म रियादचं नाव जानेवारीच्या विमानात लागलं. बसीमाने आमच्या स्वयंपाकघरात मला अशी मिठी मारली की माझा खांदा दुखला. मग खोलीची तयारी सुरू झाली. चर्चमधून लोखंडी पलंग आला. मी आईच्या हातची गोधडी दिली. फ्राउ मायशनी गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवली, वर निरोप, की म्हाताऱ्या माणसाचे पाय थंड पडतात. मी मनातल्या मनात त्यांना दिलेल्या शिव्या परत घेतल्या, सगळ्या नाही.

डिसेंबरात एका रविवारी बसीमा आमच्याकडून फोन लावायला आली. दूतावासात सासूची शेवटची मुलाखत होती, ती झाली असणार. रीटा कुहूच्या खोलीत होती. मी स्पीकर चालू केला, म्हातारीचा आवाज मलाही ऐकायचा होता. अरबी मला कळत नाही, पण आवाज कळतो. आधी सामिया बोलली, मग उम्म रियाद. आवाज ठणठणीत. बसीमाचा चेहरा मात्र बघता बघता उतरला.

"काय झालं?"

"ती दूतावासात गेलीच नाही," बसीमा म्हणाली. "येणार नाही म्हणतेय."

"का?"

बसीमाने फोनवर हात ठेवला. "ती म्हणते, बगदादहून सुटलेला माणूस आधी दमास्कसला येतो. सगळे तिथेच येतात. रियाद सुटून आला तर जरमानात येईल, आपली माणसं कुठे विचारेल. तेव्हा तिथे कोणीतरी हवं ना? स्टुटगार्ट कुठे आहे हे त्याला कोण सांगणार?"

माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं करून! "अगं, मग ओरड तिच्यावर! तीन वर्षं झाली. सांग तिला, की तो..." माझी जीभ अडखळली, पण मी बोललेच. "सांग की तो आता नसेल."

"नसेल नाही," बसीमा हळू आवाजात म्हणाली. "नाहीच. मी पाहिलाय त्याला. बगदादच्या शवागारात. मी आणि माझा भाऊ गेलो होतो. पुरला पण आम्हीच. त्या आठवड्यात ती तापाने फणफणली होती, म्हणून मी म्हटलं, सापडला नाही. मग ती बरी झाली आणि वाट बघायला लागली. मग मला सांगता आलं नाही."

फोनमधून म्हातारी 'हॅलो, हॅलो' करत होती.

"आता सांग," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण मी हट्ट सोडला नाही. "आत्ता, या फोनवर. एक वाक्य. सांगितलंस तर येतील."

"येईल," बसीमा म्हणाली. "सांगितलं तर नक्की येईल. आणि त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपेल. तिथे ती रोज सकाळी उठते, वेणी घालते, बस-थांब्यावर जाऊन बगदादहून आलेल्यांना विचारते, भाजी घेऊन येते. मी तिला कशासाठी आणणार होते? ती सुखरूप राहावी म्हणून. ती सुखरूप आहे."

तिने फोनवरचा हात काढला. बराच वेळ बोलली. एकदाही आवाज चढवला नाही. मध्ये एकदा हसलीसुद्धा. ती काय बोलते ते मला कळत नव्हतं, पण ते वाक्य ती बोलली नाही, एवढं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. शेवटी सामिया फोनवर आली आणि मोठमोठ्याने काहीतरी सांगू लागली. बसीमाने मान हलवली, डोळे पुसले.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

"म्हणते, तुझी सासू माझ्याकडे आहे, तू निवांत झोप. आजूबाजूला सगळीकडे आग लागली तरी लोक आसऱ्याला दमास्कसलाच येतात. इथून कोणाला कधी पळावं लागलंय?"

मी विचार करून पाहिला. बाई बरोबर बोलत होती. डिसेंबर २००९ होता, आणि त्या वर्षी ते अगदी खरं होतं.